अर्धी गोळी

कुताइसीत, रिओनी नदीच्या अलीकडे, माझं औषधांचं दुकान.
समोर वाझाची भट्टी,
जमिनीत पुरलेल्या रांजणासारखी, तोंड वर.
आतल्या भिंतीला पाव थापायचा तर
कमरेपर्यंत आत वाकावं लागतं.
बावीस वर्षं तो वाकतोय आणि वर येतोय.

फेब्रुवारीत पाव अळणी झाले.
बायका बोलल्या, मग बोलायच्या थांबल्या
आणि पुलापलीकडून पाव आणू लागल्या.
मला मिठाचं काही वाटलं नाही.
मी ते वर येणं बघत होते.
आत वाकायचा आणि जरा जास्तच राहायचा तिथे,
आतून कुणी काही सांगत असल्यासारखा.
मी काउंटरमागे आकडे मोजायला लागले.
अकरा. बारा.
एकदा सतरा.

एप्रिलमध्ये आला, दुकान रिकामं बघून.
डॉक्टर नानुलीची चिठ्ठी, इतक्या घड्या घातलेली
की उलगडताना फाटली.
"कुणी विचारलं तर पोटाची गोळी म्हण, एतेरी."
म्हणते, म्हटलं.
आमच्या गल्लीत पोट बिघडलेलं चालतं,
पिऊन पडलेलंही चालतं.
नुसतं पडलेलं चालत नाही.

गोळी सुरीने मधोमध कापली
आणि सगळ्यांना सांगते तेच सांगितलं :
पहिला आठवडा अर्धी, सकाळी, पोटात काही घालून.
मळमळेल. जबडा आवळेल. भट्टीसमोर जांभया येतील.
बरं वाटायच्या आधी हे सगळं वाटतं,
म्हणून माणसं नेमकी तेव्हाच पाकीट नदीत टाकतात.
टाकू नकोस.
आणि मन फारच काळं बोलायला लागलं
तर नानुलीला फोन कर,
नाहीतर माझं शटर वाजव, रात्रीचे तीन असले तरी.

"मग हसायला लागेन?"
नाही.
"मग कशाला?"

इथे माझं एक ठरलेलं उत्तर असतं.
कंपनीने दिलेला तक्ता आहे, निळा-गुलाबी,
दोन पेशी, मधली फट, फटीत उड्या मारणारे ठिपके.
तो तक्ता मी पालथा घातला.
म्हटलं, पुरतं कुणालाच कळलेलं नाही, वाझा.
म्हटलं, मी घेते ही. अकरा वर्षं झाली.
तमाझ गेला म्हणून नाही, लोक तसं समजतात,
त्याच्या आधीपासून.
काहीच झालं नव्हतं तेव्हा.
घर होतं, नवरा होता, परसात द्राक्षं लागली होती,
आणि मला केस विंचरता येत नव्हते.

तो माझ्या केसांकडे बघत राहिला.
मग सुटे पैसे न घेताच गेला.

तिसऱ्या आठवड्यात : "काही नाही."
चौथ्यात नानुलीने गोळी वाढवली.
पाचव्यात तो दाराशी आला आणि तसाच परत फिरला.
मी हाक मारली नाही. मारायला हवी होती
की नको, अजून ठरत नाही.

सहाव्यात एका सकाळी गल्लीभर आरडाओरडा.
पिठाचा टेम्पो, ओल लागलेली पोती,
आणि वाझा त्या पोरावर तोंड टाकतोय,
त्याच्या बापाचा, टेम्पोचा, गिरणीचा उद्धार करतोय.
माझ्यापुढे म्हातारा गोचा खोकल्याचं औषध मागत उभा.
"काय हा तमाशा," तो म्हणाला.
मी बाटलीवर बाटली ठेवत राहिले, नको तितक्या.
चार महिन्यांत वाझा कुणावर चिडला नव्हता.

दुपारी पाव घेऊन आला, कागदात गुंडाळलेला, गरम.
खारट होता. चक्क खारट.
मी सगळा खाल्ला.
"थांबवायची कधी?" त्याने विचारलं.
एकदम कधीच नाही, म्हटलं. हिवाळा जाऊ दे. मग नानुलीला विचार,
आली तशीच जाईल, अर्धी अर्धी करत.
"आणि तू?"

समोर भट्टीत कुणी नव्हतं. धूर सरळ वर जात होता.
मी अजून विचारलेलं नाही, म्हटलं.

तो परत गेला, ॲप्रन बांधला, वाकला.
मी मोजते अजून. सवय.
पाच, सहा,