पान नंबर सतरा

पुठ्ठा द्राक्षपेटीचा आहे.
कोपऱ्यात अजून वाचता येतं : निव्वळ वजन साडेचार किलो.
त्याखाली तेवीस जणांनी मिळून लिहिलेलं नाव,
आमच्या घरातले आवाज.
'घ' भांडणात दोनदा गिरवला गेलाय,
म्हणून तो लांबूनही दिसतो.

गिरणारे, जिल्हा परिषद शाळा, दुसरी.
कागद म्हणजे पोषण आहाराच्या जुन्या तक्त्यांची मागची बाजू.
उजेडात धरलं की
समर्थच्या कुकरमागे
तूरडाळीचे ग्रॅम दिसतात.

मी फळ्यावर एवढंच लिहिलं होतं :
घरात कोणता आवाज येतो? एक पान, एक चित्र.
वाटलं, तासाभराचं काम.
नऊ दिवस लागले.

आवाज लिहायचा कसा
हे डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.
कुकर 'शूऽऽ' की 'फुस्स'?
मतदान घेतलं. 'फुस्स' हरलं,
वेदांगने त्या दिवशी डबाच उघडला नाही.
अल्फिया मणियार म्हणाली,
बांगडी भरताना 'किण' येतं,
फुटली तर नुसतं 'कि',
'ण' फरशीवर सांडतो.
तनिष्काचे पप्पा सातपूरला रात्रपाळीला,
दिवसा त्यांच्याकडे आवाज नसतो.
तिने ओठांवरचं बोट काढलं,
एवढं मोठं, की तोंडाला जागाच उरली नाही.

मी लाल पेन काढलं.
कार्तिकी म्हणाली, बाई, पुस्तक आमचंय.
पेन पर्समध्ये परत गेलं.
(बरं झालं, असं मी म्हणणार नाही.
'मीक्सर' मला अजून टोचतो.)

जयराम भोये दिवाळीनंतर आला,
सुरगाण्याकडून, बागेच्या कामाला आलेल्या आईबापाबरोबर.
त्याला विचारलं, तुझ्या घरात कोणता आवाज?
तो म्हणाला,
कोणत्या घरात?

पानाच्या मधोमध त्याने पट्टीने रेघ मारली.
डावीकडे शेडचे पत्रे, आणि कात्री.
कच्.
मग जरा थांबून,
तेवढ्यात आई पुढच्या घडाकडे सरकते,
कच्.

आमच्याच बागेतला आवाज आहे हा, कार्तिकी म्हणाली,
मग माझ्या पानावर पाहिजे.
कात्री माझ्या आईच्या हातात आहे, जयराम म्हणाला.
हा वाद मी सोडवला नाही.
मला तो सुटलाही नाही.

उजवीकडचं उद्या करतो, म्हणाला.
शनिवार होता.
रविवारी शेवटचा प्लॉट खाली झाला,
रात्रीच पिकअप निघाली.

सोमवारी तेवीस पानं बाकावर मांडलेली,
त्यातलं एक अर्धं.
वेदांग म्हणाला, डोंगर काढून टाकू, तिकडे डोंगर असतात.
अल्फिया म्हणाली, कोंबडा.
समर्थने खडू उचललासुद्धा.
तनिष्का, जी एरवी दिवसा बोलत नाही,
म्हणाली, आपण ऐकलंय का?

कुणीच ऐकलं नव्हतं.
दाभणाने भोकं पाडली,
वेली बांधायची सुतळी ओवली,
गाठ मात्र मी मारली, तेवढी मोठ्या माणसाची गरज लागली.

वाचनाच्या तासाला अख्खा वर्ग कुकर होतो, बांगडी होतो.
सतराव्या पानावर कच्, कच्,
आणि मग रेघेच्या पलीकडे
सगळे नुसते बसतात.
किती वेळ, ते ठरलेलं नाही.
एकदा बाहेरून ट्रॅक्टर गेला,
कुणीतरी कुजबुजलं, हा नाही.

जूनमध्ये पुस्तक नव्या दुसरीकडे गेलं.
पुठ्ठ्याचा कोपरा उंदराने कुरतडलाय,
आता वजन साडेचार राहिलं नसेल.
परवा एक नवा मुलगा, यशराज,
ते पान बाकावर सपाट पसरून
कोऱ्या अर्ध्यावर कान ठेवून बसलेला.
म्हटलं, काय येतंय?

थांबा ना बाई, म्हणाला.