उघडी बाजू

तक्त्यावर एकच अक्षर, कंगव्यासारखं,
तीन दात्यांचं. कधी इकडे तोंड, कधी तिकडे.
वाचता येत नसलं तरी अडत नाही.
दाते जिकडे, तिकडे हात करायचा.

शरफुद्दीन हमदुले, वय चौसष्ट, गाव म्हाप्रळ,
मस्कतात चौतीस वर्षं, हल्ली शाळेची बस.
साठी उलटलेल्यांना कंपनीनं पाठवलंय
रुवीतल्या आमच्या दुकानात,
हातात फॉर्म: पात्र, अपात्र, शिक्का.

जड चौकट नाकावर, डाव्या डोळ्यापुढे काळी चकती.
उजवीकडे. वर. डावीकडे. पुन्हा डावीकडे. खाली.
हात कसा, तर काच खाली करून
मागच्याला वाट दिल्यासारखा, ऐटीत.
शेवटची ओळसुद्धा.

मी तक्ता उलटा केला. काही बोलले नाही.
उजवीकडे. वर. डावीकडे. पुन्हा डावीकडे.
मग हात मध्येच थांबला.
"ताई, खिळा वाजला. पाटी फिरवलीत काय?"

रांगेत पुढे सातजण होते,
त्यांचे हात बघून पाठ केलं म्हणाला.
"रस्तासुद्धा असाच पाठ आहे.
पूल झाला तिथं आधी गोल होता, गोलात कारंजं,
त्याच्याआधी नुसती रेती नि एक बोरीचं झाड.
मी अजून झाडाकडनंच वळतो."

सकाळी एक पोरगा येऊन गेला, बावीसचा.
सगळ्या ओळी अचूक,
हातातल्या फोनवरची नजर
फक्त तक्त्यापुरती उचलून.
त्याला मी पात्र लिहिलं.
तो रस्त्यावर कुठे बघतो, हे विचारायला
फॉर्मवर रकाना नाही.

"मुलं किती बसमध्ये?"
"सदतीस. नावं सांगू? थांब्याप्रमाणे सांगतो."
"दिसतात?"
"चढताना ओळखतो. आवाजावरनं."

बाहेर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता.
मी शिक्क्याचं झाकण उघडलं, लावलं.
अपात्र म्हणजे नुसतं लायसन नाही.
नोकरी, व्हिसा, आणि म्हाप्रळच्या घराचा
अर्धा चढलेला दुसरा मजला.
त्यानं यातलं काहीच काढलं नाही.
म्हणाला, "एक खरं सांगू?
रात्री समोरच्या दिव्याला शेपटी फुटते.
दिवसासुद्धा, ऊन तोंडावर असलं की
दुधात पाहिल्यासारखं.
याचं औषध असेल तर बघा."

मी समासात लिहिलं, जागा नव्हती तिथे, बारीक अक्षरात:
मोतीबिंदू, दोन्ही डोळे.
शस्त्रक्रिया करून पुन्हा तपासावं.
चौकोन दोन्ही तसेच.
शिक्क्याशिवाय हे कुणी वाचेल का, ठाऊक नाही.

भिंतीवरच्या घड्याळाकडे नाही,
मनगटाकडे नेऊन, अगदी डोळ्याशी नेऊन
त्यानं वेळ बघितली.
"दीडला शाळा सुटते. निघतो.
गाडी मागेच लावलीय, सावलीत."

मी हात पुढे केला. तळवा वर,
बोटं त्याच्या दिशेला.
हे अक्षर त्यानं बरोबर वाचलं.
किल्ली ठेवली. गरम होती, खिशातली.

मग फोन लावून कुणाला तरी
थांबे सांगत बसला, एकेक, नावांसकट:
"फार्मसीपाशी दोघी बहिणी, धाकटी झोपलेली असते,
उठवून उतरव. तिथे घाई करू नको."

चौकट अजून नाकावरच होती,
डाव्या डोळ्यापुढे काळी चकती.
काढायचं त्याच्या लक्षात नव्हतं,
आणि माझ्याही.