पाणी पाय खातं

आमच्या सा-डेकमध्ये फुलं पाण्यावर वाढतात.
बांबूच्या मांडवांवर शेवंतीच्या टोपल्या,
खाली गुडघाभर पाणी,
त्यात उजाडल्यापासून उभ्या बाया
जास्तीच्या कळ्या खुडत.
पायाच्या बेचक्यांतली कातडी आधी पांढरी पडते
भिजल्या कागदासारखी,
मग फाटते.
इथे म्हणतात, पाणी पाय खातं.
तक्रार नसते त्यात.
आज वारा सुटलाय म्हणावं, तसं म्हणतात.

पुलाखालचं औषधांचं दुकान माझं.
बाय लुओम जुनं गिऱ्हाईक.
बाय म्हणजे सातवी, म्हणजे खरं तर सहावी:
इथे थोरल्यालाच दुसरा म्हणतात,
पहिला आकडा कुणाच्या वाट्याला येत नाही.

टेटला दोन महिने होते तेव्हा ती आली,
सुरवारीची कड बोटभर खाली केली:
कमरेवर एक नाणं.
लाल, खवल्यांची कड, मध्ये कोरी कातडी.
“नाण्याचा नायटा,” दोघंही एकदम बोललो.
“झटकन जाईल असं दे. खुडणी आलीय.”

मी दिली. ती नळी.
सगळे देतात ती, तीन औषधं एकात.
त्यातलं एक खाज गप्प करतं
आणि कातडीच्या राखणदाराला
थोपटून झोपवतं.
चार दिवसांत नाणं पुसलं गेलं.
तिनं मला पपई आणून दिली.
गोड होती.

महिन्याभरानं पुन्हा आली.
नाणं नव्हतंच आता, ना गोल ना कड,
पोटावरून मांडीपर्यंत एक तांबूस नकाशा,
सीमा कुणीतरी खोडलेल्या.
त्याच पंचानं अंग पुसणाऱ्या नातवाच्या मानेवर
दोन नवी नाणी.
“लावलं की जातं, थांबवलं की येतं.
आणखी एक दे.”
हातात चपटी नळी, शेपटीपासून गुंडाळत आणलेली,
तिच्यावर माझ्या दुकानाचा किमतीचा कागद.

मी शटर ओढलं. तिला मागे बसवलं,
इस्पितळात नेलं.
प्रयोगशाळेतल्या दिएपनं बोथट पात्यानं
कडेचा कोंडा खरवडला,
काचेवर घेतला, वर पोटॅशचा थेंब.
थांबलो. पंखा कुरकुरत होता.
मग म्हणाली, “मावशी, बघा.”
बायनं एक डोळा मिटला,
बराच वेळ मिटलेलाच ठेवला.

“मुळं आहेत की ही.”
काचेसारखी, पेराकांड्याची, फाटे फुटलेली मुळं.
“आणि आपण वरची पानं खुडत बसलो.”

आपण म्हणाली ती.
तू म्हणाली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर सगळं तिनंच मला समजावलं,
डॉक्टरीणबाईंचं बोलणं तणाच्या भाषेत:
डागावरच नाही, कडेच्या दोन बोटं पलीकडेही लावायचं,
कारण मूळ कुंपण ओळखत नाही.
नातवालाही लावायचं. पोटातल्या गोळ्या मला,
त्याला नुसतं मलम.
पंचा ज्याचा त्याचा, आणि उन्हात.
“पाय कोरडे ठेवा” म्हटल्यावर ती हसली,
मग तिच्या कमरेखालची ओली सुरवार पाहून
डॉक्टरीणबाईही हसल्या,
म्हणाल्या, बरं, निदान दुपारी बाहेर या,
बेचक्या पुसा.

तेव्हापासून दुपारी बारा वाजता
फळीवर बसलेली दिसते ती,
एकेक बोट वेगळं करून पुसताना,
रोप बदलताना जसं जपावं तसं.

ती नळी माझ्या फळीवरून गेली म्हणून
गावातून गेली नाही.
पलीकडच्या गल्लीत मिळते, स्वस्त मिळते.
लोक मागतात. मी “आधी दाखवा” म्हणतो,
काहीजण न दाखवता निघून जातात.

टेटच्या आदल्या आठवड्यात,
होड्या पिवळ्याधमक भरलेल्या असताना,
बाय आली. कड खाली केली.
कमरेवर काही नव्हतं,
नुसती कातडी, थोडी काळसर.
“गेलं,” मी म्हणालो.
“दिसायचं गेलं,” ती म्हणाली,
आणि गल्ल्यावर पैसे ठेवले.
“दोन आठवडे अजून आहेत.
साधं मलम दे.”