वजनकाटा

सावर्ड्याच्या काट्यावर एकवीस वर्षं मी ट्रक तोलले.
येताना रिकामा, जाताना भरलेला,
मधली वजाबाकी म्हणजे माल.
खाण थांबली, काट्याच्या फटींतून लाजाळू उगवली,
आणि मेव्हण्यानं दुबईहून एक यंत्र आणून दिलं,
रॅकेटची तार ओढायचं.
आता कुडचड्याच्या कोर्टामागे, पंपाच्या खोलीत,
मी टनांऐवजी पौंडांत बोलतो.

आज फातोर्ड्याहून चाचणीवाले आलेत.
उंचीची पट्टी भिंतीला, वजनाचं यंत्र फरशीवर,
मुठीत दाबायचा चिमटा, दाबाल तेवढा आकडा,
दोन किलोचा चेंडू डोक्यामागून फेकायला,
आणि जाळीमागे तिपाईवर वेगाची बंदूक.
कुलासो सर शिट्टी गळ्यात घालून फिरतात,
जणू आकडेही शिट्टीनं रांगेत येतील.

शेनेल रिबेलो. तेरा पूर्ण. एकशे एकाहत्तर.
यंत्रावर चढते आणि हळूच म्हणते,
'सर, वजन मोठ्यानं नको.'
सर मोठ्यानंच सांगतात; लिहिणारा पलीकडे बसलाय.
एकसष्ट.
तिची सर्व्हिस मागच्या पत्र्यावर आदळते
तेव्हा माझ्या डबीतले स्क्रू उडतात.
कोणी काही म्हणो, ती ताकद खरी आहे.
पायांनी जमिनीतून उपसायची, कंबरेनं वळवायची,
खांदा नुसता पोचवतो, असं सर सांगतात.
पण पोचवायला आधी काही असावं लागतं.

दीक्षिता वेळीप. तीही तेरा.
रांगेत शेवटी, पाठमोरी,
नळाला बाटली लावून पाणी पितेय.
एक संपली. दुसरी.
पोट धरून तिसरी अर्धी.
मी ओळखलं.
काही ड्रायव्हर असाच माल भिजवून आणायचे,
ट्रक टपटपत उभा काट्यावर,
नजर समोरच्या काजूच्या झाडावर.
मी पावतीवर लिहायचो: ओला.
त्या एका शब्दापायी दोनदा मार खाल्लाय.

तेहतीस किलो आठशे.
आज मी काही लिहिलं नाही.
मला कोणी विचारलंही नाही.

शेनेलच्या तारा कुठेही तुटतात, कडेला, वर, गळ्यापाशी.
दीक्षिताच्या तारांना खाचा एकाच जागी,
रुपयाच्या नाण्याएवढ्या,
बाकीची जाळी दुकानातल्यासारखी कोरी.
हे मोजायचं यंत्र त्यांनी आणलेलं नाही.
आणलं असतं तरी काय,
नाणं अचूक लागलं म्हणून चेंडू पत्र्यापर्यंत वाजत जात नाही.

काल संध्याकाळी ती म्हणाली,
'काका, छप्पन ओढा, शेनेलसारखी.'
मी बरं म्हटलं आणि सेहेचाळीसवर थांबलो.
तार सैल असली की चेंडू क्षणभर रुततो
आणि उसळून निघतो, लहान हाताला तेवढाच टेकू.
एकवीस वर्षांत काटा कधी ढिला केला नव्हता.

बंदुकीनं शेनेलला एकशे एकावन्न दिले.
दीक्षिताला एकशे सोळा, मग एकशे एकवीस,
तिसरा चेंडू जाळीत.
सरांनी तिच्या बापाला बाजूला घेतलं:
अंडी, नाचणी, केळी, संध्याकाळी दोरीच्या उड्या,
वाढेल ती, घाई नको.
बाप मान हलवत राहिला, मग म्हणाला,
'किती किलो लागतात, सर?'
पिशवी घेऊन बाजाराला निघाल्यासारखा.

दुपारी सगळे जेवायला गेले.
यंत्र उन्हात तसंच.
दीक्षिता बाथरूमकडून आली,
इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा चढली.
खिडकीतून आकडा मला वाचता आला असता, सवय आहे.
तेवढ्यात शेनेल आली, हातात अर्धा पाव,
काही न बोलता आपला एक पाय
तिच्या पायाशेजारी टेकवला.
आकडा हलत राहिला,
ठरेना.