बशीत उरलेली साखर

मलात्याच्या तांबट आळीत
चहा पोचवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली.
माणसांची नावं मागाहून शिकलो,
आधी त्यांची साखर पाठ केली.

निहात उस्ता, शिंपी: दोन तुकडे.
जुल्फी तांबट: तीन, वर एक खिशात, नातवासाठी,
आणि नातू तर अंकाराला असतो.
बटणवाल्या मुनव्वरबाई: दीड.
उरलेला अर्धा बटणांच्याच डबीत पडून राहतो,
एकदा तो कुणाच्या तरी कोटाला शिवायचा राहिला.
बँकेतला नवा पोरगा साखर घेतच नाही.
त्याला आम्ही सगळे आजारी समजायचो.

दिवसाला अकरा पेले, कंबरेत बारीक, छोटेसे,
म्हणून कुणी मोजत नाही.
तबक रोज मी उचलायचो,
बेरीज कधी उचलून पाहिली नव्हती.

मार्चमधल्या एका मंगळवारी
निहात उस्ताने एक तुकडा
बोटाने बशीच्या काठाशी सरकवला.
"डॉक्टर?" मी विचारलं.
"सुई," तो म्हणाला.
"दोरा जाईना. बायकोने ओवून दिला.
तिने दोष चष्म्याला दिला,
चष्मेवाल्याने रक्ताला."
टेप गळ्यात, खडू कानामागे,
तोंड वाकडं करत प्यायला तो,
आणि पेला असा ठेवला
जसा काही मीच काही चोरलं होतं.

जुल्फी हसला. "साखर सोडून कोण अमर झालंय?"
आणि परातीवर हातोडा मारत राहिला.
मुनव्वरबाईंनी मात्र घरून जर्दाळू आणले,
गंधकाची धुरी न दिलेले,
गच्चीवरच्या उन्हात काळे पडलेले,
म्हाताऱ्याच्या कानासारखे.
पिवळेधमक आम्ही परगावी धाडतो,
हे कुरूप घरात ठेवतो,
आणि घरचं म्हणूनच त्यांना विसरतो.
"अर्धा चावा, मग घोट घ्या," बाई म्हणाल्या.
"अर्धाच हं. ते पण गोडच असतं."

खरी पंचाईत माझी झाली.
एप्रिल संपता संपता निहात उस्ता शून्यावर आला
आणि पेला परत पाठवला.
"बेदिर, चहा जळकाय."

जळका! एकोणीस वर्षांत कुणाची ही हिंमत झाली नव्हती.
मागे जाऊन, दार लावून,
माझे चार तुकडे न टाकता
मी एक घोट घेतला.

जळकाच होता.

सकाळी सातचा अर्क
दुपारी तीनपर्यंत किटलीवरच्या किटलीत कढत असायचा.
इतकी वर्षं मी करपवत होतो
आणि साखर माझी अब्रू झाकत होती.
चांगल्या चहाचा रंग सशाच्या रक्तासारखा, म्हणतो आम्ही.
हे शब्द मी रोज ओरडत फिरलो,
उधारीवर.

आता दर तासाला नवी पत्ती.
उकळतं पाणी, मंद आच, मग पंधरा मिनिटं
हात लावायचा नाही.
हे सगळ्यात अवघड. मी हात पाठीमागे धरून उभा राहतो,
शाळेत शिक्षा झाल्यासारखा.
मालक कुरकुरतो, पत्ती फार जाते.
मी साखरेचं बिल पुढे करतो.
तो दोन्हींकडे बघतो आणि दुसरंच काही बोलतो.

जुल्फी अजून तीनच घेतो.
परवा मात्र खिशातला तुकडा त्याने परत तबकात ठेवला.
"नातू येतोय. दात किडलेत म्हणे."
तुकड्याला तंबाखू चिकटली होती, मी तो फेकून दिला.

निहात उस्ता अजूनही सुई बायकोकडूनच ओवून घेतो.
डोळे परत येतात की नाही, मला माहीत नाही,
त्यालाही नाही.
पण पेला परत येतो तो रिकामा,
आणि तळाशी काही चिकट नसतं.

मी दोनावर आहे.
तबक हलकं झालं असं म्हणणार होतो,
पण ते खोटं ठरेल.
साखरेच्या तुकड्याला वजन ते कितीसं.