प्रत

बाबा कागदगिरणीत एकोणचाळीस वर्षं होते,
तीन नंबरच्या मशीनवर.
ओला कागद मिनिटाला हजार मीटर धावायचा,
आणि दोन रुळांमधल्या हातभर मोकळ्या जागेत
फडफडायचा.
तुटला तर तिथेच तुटायचा.

बाबा लोखंडी चौकटीवर तळवा टेकायचे.
म्हणायचे, सातवा रूळ. बेअरिंग गेलंय.
आणि ते गेलेलं असायचं.

मी त्या फडफडीचं समीकरण लिहिते.
टँपेरेत, चौथ्या मजल्यावर,
खिडकीखाली गोठलेलं तळं.
कागदाच्या प्रत्येक बिंदूला स्वतःचं वर-खाली असतं
आणि बिंदू मोजून सरत नाहीत.
एका कंपाच्या आत दुसरा, त्याच्या आत बारीक तिसरा,
असं किती खोल जावं?
माझ्याकडे सेन्सर तीन.
मोटर एकच, तीही कडेला.

पहिल्या वर्षी वाटलं,
वीस कंप आवरले की झालं.
वीस आवरायला लावलेला सगळा जोर
गुपचूप झिरपत गेला एकविसाव्याकडे,
ज्याचं नाव मी मांडलंच नव्हतं.
पडद्यावरचा कागद फाटला.
त्या दिवसापासून मी
जे मोजलं नाही त्याच्यासाठी हात राखून लिहिते.

एक गोष्ट वर्गात सांगताना आवाज आपोआप खाली येतो:
प्रत्येक कंप विरतो,
विरतोच, सिद्ध करता येतं.
पण सगळ्यांना मिळून एक मुदत नसते.
कुणी उद्या, कुणी शंभर वर्षांनी.
आणि असल्या शांततेला नुसती फुंकर लागली
तरी ती मोडू शकते.
वेयक्को विचारतो, मग तिला शांतता का म्हणायचं?
वेयक्को एकोणीस वर्षांचा आहे.

बाबांचा उजवा हात आता
सेकंदाला पाच वेळा हलतो.
गिरणी बंद झाली, मशीन सुटं करून
जहाजाने कुठेतरी दूर गेलं.
बाबा म्हणतात, सगळं नेलं त्यांनी,
सातवा रूळ तेवढा माझ्याकडे विसरले.

आमच्यात एक नियम आहे.
जो त्रास थांबवायचा
त्याची हुबेहूब प्रत
नियंत्रकाने स्वतःच्या पोटात बाळगायची.
मग कागद जाड होऊ दे, हवा दमट होऊ दे,
तुझे आकडे थोडे चुकलेले असू देत
(ते चुकलेले असतातच),
प्रत खरी असली, बाकी डोलारा उभा असला, तर निभतं.
आणि एक प्रत पुरत नाही.
जितक्या जागी शांतता हवी,
तितक्या प्रती.
मी हे फळ्यावर शंभरदा लिहिलं असेल,
खडू झटकला असेल, घरी गेले असेन.

रविवारी तळ्यावर गेलो. उणे चौदा.
बाबांनी पहारीने बर्फ ठोकून पाहिला,
भोक पाडायचं काम एइनारीने केलं,
गळ टाकला, मासा काही आला नाही.
बर्फ लांबवर कुठेतरी कण्हला,
एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत,
आणि बाबांनी सवयीने तळवा टेकला.
काही बोलले नाहीत.

थर्मासमधली कॉफी मी अर्धा कप ओतली.
अर्ध्याहून जास्त आता ओततच नाही.
त्यांच्या मुठीखाली माझा हात धरला.
पहिल्या घोटाला मी मागे पडले,
दुसऱ्याला घाई केली.
तिसऱ्याला मनगट माझं राहिलं नव्हतं:
ते वर जायच्या आधी मी खाली,
ते खाली यायच्या आधी मी वर,
मोजत नव्हते मी, शपथ.

रात्री भांडी विसळताना
नळाखाली बशी हलत होती,
सेकंदाला पाच वेळा.
मी ती तशीच हलू दिली.

हां, कॉफी.
सांडली थोडी, त्यांच्या हातमोज्यावर.
ठरल्या मर्यादेत.