उचंत

नेकेसाच्या बरोबरच्या खुणा मी ओळखतो.
जानेवारीत हिरव्या पेनाने करायची,
प्रत्येक आकड्यापाशी एक, शेपूट वर उडालेली,
आकडा खरा निघाला याचाच जणू आनंद.
आता जून, नैरोबीतली थंडी.
खुणा आडव्या झाल्यात.
काही पानांवर तर पेन टेकवल्याचे नुसते ठिपके.

आमचं ऑफिस एंटरप्राइझ रोडला, गाद्यांच्या कारखान्यावर.
जिन्यात फोमचा पांढरा भुगा,
तो बाहीला चिकटून तुमच्यासोबत घरी येतो.
बुंगोमाहून आली तेव्हा तिच्या पदवीवर
प्लास्टिकचं वेष्टन होतं. मला दाखवली.
मी म्हटलं, छान. आता ही किरकोळ खर्चाची पेटी मोज.

पगार तेवीस हजार शिलिंग.
त्यातून कर, आरोग्याची वर्गणी, घरांचा अधिभार, पेन्शन,
हे सगळं ती स्वतःच स्वतःतून वजा करते,
कारण पगारपत्रकही मीच तिच्या गळ्यात घातलंय.
दर अठ्ठाविसाला आम्ही सारे
तिच्या बोटांखालून जातो:
सेल्समन किमाथी आणि त्याचं पेट्रोल,
साहेबांचा पुतण्या, ज्याला अजून कुणी पाहिलेलं नाही,
आणि मी.
माझ्या ओळीपाशी ती थांबली. मला दिसलं.
एकोणीस वर्षं, आणि तिच्याहून अकरा हजार जास्त.
बोलली काही नाही.
त्या ओळीपुढे खूण करायची तेवढी राहून गेली.

बँकेत जाण्यायेण्याचे एकशे साठ शिलिंग
तिने मागितले होते एप्रिलमध्ये.
मी व्हाउचर परत केलं: पावती जोडावी.
मटाटूवाला पावती देत नाही, हे मला माहीत नाही का?
मे महिन्यात परत आलं. परत केलं.
परवा तिसऱ्यांदा आलं, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं:
"गाडी जांभळी. मागची काच फुटकी.
कंडक्टरच्या पुढच्या दाताला सोनं.
माझ्या शेजारी एक बाई, मांडीवर कोंबडी,
कोंबडीचं भाडं घेतलं नाही.
साक्षीदार हवा असल्यास कोंबडी आता नसावी."

मी हसलो. मान वर केली,
तर ती हसत नव्हती.
स्वेटरच्या बाहीवरचा भुगा खुडत होती, एकेक कण.

सही केली. पैसे दिले.
मीच शिकवलं होतं तसे तिने दोनदा मोजले.
मग खतावणी पुढे सरकवून म्हणाली,
"म्झे ओकुमू, उचंत खात्यातले हे चाळीस शिलिंग कुणाचे?"

माझ्या आधीपासूनचे, मी म्हटलं.
दरसाल पुढे ओढतो.
ऑडिटर येतात, चहा-मंडाझी होते,
त्या ओळीवर बोट ठेवतात आणि उचलतात.

खोटं बोललो. माझेच आहेत ते.
पहिलं वर्ष, असाच जून, रात्रीचे साडेनऊ,
बेरीज काही केल्या जुळेना,
खाली शेवटची गाडी हॉर्न देत होती.
फरक उचलला, उचंतात टाकला,
म्हटलं उद्या शोधू.
त्या उद्याची मुलगी आता कॉलेजात जाते.

नेकेसाने मान हलवली. विश्वास बसला
की नुसता कंटाळा आला, कळलं नाही.
तिच्या खणात परीक्षेचं जाड पुस्तक आहे,
खूण म्हणून आत पगाराची चिठ्ठी,
मार्चपासून त्याच पानात.

पाच वाजता मी गोदामात उतरलो.
त्या वर्षीची किर्द तिथेच कुठेतरी असणार,
गाद्यांच्या मागे, पत्र्याच्या कपाटात.
किल्ली साहेबांकडे. साहेब मोंबासाला.
थोडा वेळ कपाटासमोर उभा राहिलो,
कडी हलवून पाहिली.

वर आलो तर तिची खुर्ची आत सारलेली.
टेबलावर खतावणी उघडीच,
आणि चाळीसच्या पुढे, पेन्सिलीने,
पुसता येईल इतकं हलकं,
एक प्रश्नचिन्ह.